मोजता येईना, मतपत्रिका वाकडी

2000 सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातून दोन भयानक गोष्टी बाहेर पडल्या. पहिली म्हणजे टॅम्पाच्या मॉर्बिड एंजल या डेथ मेटल बँडचा 'गेटवेज टु अ‍ॅनिहिलेशन' हा अल्बम. दुसरी म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची फेरमोजणी. सभ्य माणसं घाबरली ती पहिल्या प्रकाराला.

घाबरणं साहजिकच होतं म्हणा. डेथ मेटलचा गायक गात नाही, पोटातून गुरगुरतो. ड्रमवाला दोन्ही पायांनी बास ड्रम बडवतो. शब्द कळत नाहीत, आणि कळलेच तर जेवण जात नाही. पण या मंडळींचा हिशेब बघा. मॉर्बिड एंजलच्या अल्बमांची नावं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने येतात. 1989 साली 'ए'पासून निघालेली गाडी 2000 साली 'जी'ला पोहोचली आणि वाटेत एकही अक्षर गळलं नाही.

आता सरकारी हिशेब. मतं साधारण साठ लाख. व्होलुशिया काउंटीत मोजणी चालू असताना संगणकाने उमेदवार अल गोर यांच्या खात्यातून 16,022 मतं वजा केली. मतदार रांगा लावून मत देऊन गेले आणि उमेदवार कर्जबाजारी झाला! चूक त्याच रात्री सापडली, एवढंच नशीब. पाम बीचच्या दुपानी मतपत्रिकेवर नावं दोन्ही बाजूंना आणि भोकं मधोमध. त्या गोंधळात तिथे तिसरे एक उमेदवार पॅट ब्युकॅनन यांना 3,407 मतं पडली. ही बहुतेक माझी नसावीत, असं त्यांनी स्वतःच टीव्हीवर सांगून टाकलं. मिळालेलं मत परक्याचं म्हणणारा उमेदवार आपल्याकडे सापडला, तर त्याचा पुतळाच उभारावा लागेल.

मग फेरमोजणीत भोकांची चौकशी सुरू झाली. भोकातून सुटणारी कागदाची कपची म्हणजे चॅड. तिच्या जाती ठरल्या: लोंबती, झुलती, नुसती खळी पडलेली आणि चक्क गरोदर! परीक्षक डोळ्याला भिंग लावून मतदाराच्या मनात शिरू लागले. पाम बीचच्या मोजणीदारांनी थँक्सगिव्हिंगची सुट्टी घेतली आणि निकाल कळवायची मुदत दोनेक तासांनी हुकली. मुदत सांभाळणाऱ्या कॅथरीन हॅरिस राज्याच्या निवडणूकप्रमुख, शिवाय गोर यांचे प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश यांच्या प्रचाराच्या सहअध्यक्ष. राज्यपाल बुश यांचेच सख्खे भाऊ. लग्नही वरपक्षाचं आणि अहेर मोजणारेही वरपक्षाचेच.

मायामीत तर बुश यांच्या कोट-टायवाल्या कार्यकर्त्यांनी मोजणी कार्यालयाबाहेर आरडाओरडा केला, दारं बडवली आणि त्याच दिवशी तिथली मोजणी थांबली. मेटलवाल्यांच्या काळ्या टी-शर्टांना उगाच बदनाम केलं. धुडगूस घातला तो इस्त्रीच्या शर्टांनी.

शेवटी 12 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी फेरमोजणी थांबवली. फ्लोरिडात 537 मतांनी पुढे असलेले बुश राष्ट्राध्यक्ष झाले. आमचा विचार फक्त याच प्रसंगापुरता, असंही न्यायालयाने बजावलं. थोडक्यात, वापरा आणि फेका.

गंमत म्हणजे, पोरांच्या कानांवर वाईट पडू नये म्हणून 1985 साली अल्बमवर इशारा छापण्याची मोहीम काढणाऱ्यांत टिपर गोर, म्हणजे अल गोर यांच्या पत्नी, आघाडीवर होत्या. अल्बमवर पट्ट्या लागल्या, मतपत्रिका मात्र तशीच राहिली. तिच्यासाठी आमचा मसुदा तयार आहे: 'सावधान! आत दिलेलं मत उमेदवारापर्यंत पोहोचेलच असं नाही. भोक आरपार पाडावं. तक्रार असल्यास नऊ न्यायमूर्तींना भेटावं. पैकी पाच पुरेत.'