पाटील झोपलेत, हळू बोला

खानदेशात उन्हाळ्यात झोप येत नाही, ती वसूल करावी लागते. दिवसा जळगावचा पारा 44-45 अंशांवर जाऊन बसतो, दिवसभर तापलेल्या भिंती रात्री त्याचं व्याज देतात आणि माणसं कूलरसमोरच्या जागेसाठी रक्ताची नाती विसरतात. पूर्वी धाब्याच्या घरांवर अख्खी आळी आभाळाखाली पडायची. आता फ्लॅटमध्ये एक खोली, एक कूलर आणि चार दावेदार. आमच्याकडे पाचवाही आहे. त्याचं नाव पाटील.

पाटील म्हणजे कॉकॅटिएल. करड्या अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा, गालांवर केशरी टिकल्या असलेला छोटा पोपट. डोक्यावर कायम तुरा आणि चेहऱ्यावर कायम हरकत, त्यामुळे दुसरं नाव सुचलंच नाही. धुळ्याहून मुक्कामाला आलेल्या मावशीने त्यांना पाहताच निकाल दिला, "हाऊ कसाना पोपट? ना हिरवा, ना बोलस!" तिच्या लहानपणी ओसरीवरच्या पिंजऱ्यात हिरवा मिठू असायचा. तिला सांगितलं, की मावशी, हिरवा पोपट पाळणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हा परदेशी, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, तापलेल्या मुलखातला. तिकडचा खानदेशीच म्हण. एवढ्यावर मावशीने पाटलांना घरात घेतलं.

पण पाटलांना रोज 10 ते 12 तास झोप लागते. शांत, अंधारी आणि सलग. आमच्या घरात अशी झोप फक्त चिरंजीव घेतात, तीही अभ्यासाच्या वेळी. झोप अपुरी झाली की पाटील किंचाळतात, चावतात. हे फार दिवस चाललं तर काही पोपट स्वतःची पिसं उपटायला लागतात. जागरणं मीही आयुष्यभर केली. पण मला पिसं नसल्यामुळे कुणी दखल घेतली नाही.

"त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा," असं सांगणारे भेटतात. असे सल्ले दुसरी खोली असलेले लोकच देतात. शिवाय पोपटाची जात थव्याची. संध्याकाळी एखाद्या मोठ्या झाडावर हिरवे पोपट मुक्कामाला येतात, जागेवरून कडाक्याचं भांडतात आणि अंधार पडला की चिडीचूप. एकत्र झोपणं त्यांना जमतं. भांडण आटोपून झोपणं आम्हाला जमत नाही.

मग खोलीचा कारभार बदलला. पिंजरा कोपऱ्यात गेला. दोन बाजूंना भिंत, कूलरच्या झोतापासून लांब. कूलरची घरघर मात्र कामाची निघाली. वरातीतली अहिराणी गाणी आणि मालगाडीचे भोंगे तिच्यात बुडून जातात. पिंजऱ्यावर सुती कापड टाकलं, पण एक बाजू उघडी ठेवून. मे महिन्यात पूर्ण झाकलं असतं तर पाटलांचं भरीत झालं असतं. पक्ष्यांना धूर सोसत नाही, म्हणून डासांची कॉइल हद्दपार झाली आणि मच्छरदाणी आली. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेनेही पक्षी दगावतो, म्हणून लोखंडी तवा माळ्यावरून खाली उतरला. रात्री आठला टीव्ही बंद करण्याचा ठराव घरात बहुमताने फेटाळला गेला आणि पाटलांच्या एका किंकाळीने मंजूर झाला. मावशीच्या घोरण्यावर मात्र कुणाचंच चाललं नाही, पाटलांचंही.

कॉकॅटिएल रात्री दचकतात. पाल सरकली, लाइट गेली, गाडीचा झोत भिंतीवरून फिरला, की अंधारात पंख आपटत सुटतात आणि स्वतःलाच जखमी करून घेतात. त्यासाठी झिरोचा दिवा रात्रभर ठेवावा, पिंजऱ्यात हात घालू नये आणि हळू आवाजात धीर द्यावा. अडचण इथेच आहे. खानदेशात हळू आवाज फक्त उसने पैसे मागताना काढतात. "जपी जाय रे भो," म्हणजे झोपी जा रे भाऊ, असं मावशीने प्रेमाने म्हटलं, की वरच्या मजल्यावरचं बाळसुद्धा उठतं.

पक्षी अर्धा मेंदू जागा ठेवून, एक डोळा उघडा टाकून झोपू शकतात. बदकांच्या ओळीत कडेला झोपलेली बदकं मधल्यांपेक्षा जास्त वेळ बाहेरचा डोळा उघडा ठेवतात, असं अमेरिकेतल्या संशोधकांनी 1999 साली दाखवून दिलं. आमच्या ओळीत दाराकडच्या कडेला मी असतो. कूलरचं पाणी संपलं, मावशी उठली, पाटील हलले, सगळं मलाच कळतं. या विषयावर बदकांशी माझं पूर्ण एकमत आहे.

झोपेला आले की पाटील चोच घासून बारीक करकर आवाज काढतात. ती समाधानाची खूण. तेवढ्यात परत गेलेल्या मावशीचा धुळ्याहून फोन येतो, "पाटील जपना का?" फोनच्या घंटीने पाटील जागे होतात.

तरीही लवकर निजण्याचा जो उपदेश डॉक्टर आणि वडीलधारे करून थकले, तो आमच्या घरात मूठभर वजनाच्या पक्ष्याने अमलात आणला. तुमची मुलं पोपटासाठी हटून बसली, तर घरात खोल्या किती ते मोजू नका. टीव्ही किती वाजता बंद होतो ते बघा. दहाच्या पुढे जात असेल तर पक्षी आणू नका. आणायचाच असेल, तर आधी टीव्ही विका.