तर्रीची परीक्षा

(छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजातली खानावळ. दुपारची गर्दी ओसरलेली. गल्ल्यावर मालक, समोर बॅग उघडून विक्रेता.)

विक्रेता : शेठ, ही वाटी बघा. उसाच्या चिपाडाची. प्लास्टिकचा थर अजिबात नाही.

मालक : मग खलियाचा रस्सा आत थांबणार कुणाच्या धाकानं?

विक्रेता : कोटिंग आहे ना! पाण्यात कालवलेलं.

मालक : पाणी वाळल्यावर मागं काय राहतं?

विक्रेता : (खाकरत) काही कंपन्यांचं... ॲक्रिलिक.

मालक : म्हणजे प्लास्टिकचा चुलतभाऊच की!

विक्रेता : आमचं तसं नाही. खाली स्टार्च, वर मेण. स्टार्च तेल अडवतो, पण पाण्यापुढं विरघळतो. मेण पाणी अडवतं, पण उकळतं काही आलं की...

मालक : खलिया उकळताच जातो, साहेब.

विक्रेता : अहो, किट टेस्टमध्ये 12 पैकी 8 आहेत!

मालक : हे काय नवीन?

विक्रेता : एरंडेल आणि दोन रसायनांची मिश्रणं. थेंब टाकायचा, 15 सेकंदांनी पुसायचा. डाग नाही, तर पास.

मालक : पंधरा सेकंद? माझं पार्सल वाळूजला जायला पाऊण तास लागायलाय. महावीर चौकातला सिग्नल वेगळा!

विक्रेता : पण कायदा आहे, शेठ. 2018 ला प्लास्टिक-थर्माकोल गेलं, जुलै 2022 ला प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी डिशाही गेल्या. खरगपूर आयआयटीनं 2020 मध्ये मोजलंय, तसल्या कपात गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं की 100 मिलीत 25 हजार कण उतरतात.

मालक : कायदा कशाला सांगायलात? 2018 ला नारेगाववाल्यांनी तिथल्या कचरा डेपोवर येणाऱ्या गाड्या अडवल्या, तेव्हा अख्ख्या शहराचा कचरा रस्त्यावर होता. तेल अडवणारं पक्कं काहीच नाही का?

विक्रेता : होतं. फ्लोरिनची रसायनं. पण ती निसर्गात विरत नाहीत, अंगात साठतात. अमेरिकेत अन्नाच्या कागदांसाठी अशा रसायनांची विक्री थांबल्याचं तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केलं.

मालक : बरं झालं. कागदाचंच निघालं म्हणून सांगतो, आमच्या दौलताबादजवळ कागजीपुरा आहे. तिथं हातकागदाला खळ लावून घोटून गुळगुळीत करायचे. शाई फुटत नव्हती.

विक्रेता : (उसळून) तेच! तेच तत्त्व, शेठ! छिद्रं बुजवायची!

मालक : त्याच्यावर फर्मानं लिहायचे हो, खलिया नव्हते वाढत. ए पोऱ्या, साहेबांच्या वाटीत एक फुल खलिया भर. वर तर्री सोड. साहेब घरी घेऊन जातील.

विक्रेता : घरी? कशात?

मालक : तुमच्याच वाटीत. पुढच्या सीटवर ठेवा. वाळूजपर्यंत टिकली तर उद्या पाच हजार नगांची ऑर्डर.

(विक्रेता बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे बघतो. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.)

विक्रेता : शेठ... स्टीलचा डबा मिळेल का?

मालक : मिळेल. दोनशे रुपये अनामत. डबा घासून आणायचा.