रश्श्याचे कोलंबस

वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींत एक जमात आहे. गणपतीत मसालेभाताच्या रांगेत ती नेमकी आपल्या मागे उभी राहते आणि कानाशी येऊन विचारते, "हे ठीक आहे हो, पण तुम्ही खरा फो कधी खाल्लाय का?" फो म्हणजे व्हिएतनामी शेवयांचा रस्सा. आपण भाबडेपणानं ऑफिसजवळच्या एखाद्या हॉटेलाचं नाव सांगतो. त्यावर हे गृहस्थ काही बोलत नाहीत, नुसते डोळे मिटून घेतात. येत्या शनिवारी त्यांची गाडी आपल्या दारात उभी राहणार हे तेव्हाच ओळखावं.

मी यांना कोलंबस म्हणतो. जिथं माणसं वर्षानुवर्षं निवांत जेवतायत, ती जागा हे 'शोधून काढतात'.

शोधमोहिमेचे नियम कडक आहेत. शहरात चांगलं काही मिळत नाही, हा पहिला. डलस विमानतळ मागे पडल्याशिवाय भूक लागल्याचं कबूल करायचं नाही. मग एक रंग उडालेली दुकानांची रांग लागते. तिच्यात एकीकडे कपडे धुवायची यंत्रं, दुसरीकडे नखं रंगवायचं दुकान आणि मधे आपलं हॉटेल. पाटीतला एखादा दिवा गेलेला असावा. कार्ड चालत नसेल तर उत्तम. बाथरूमला स्वयंपाकघरातून, कांद्याच्या पोत्यांना वळसा घालून जावं लागत असेल तर विचारायलाच नको. "हे बघा," कोलंबस पोत्यांकडे बोट दाखवत म्हणतात, "रस्सा अस्सल असल्याची खूण!" पुण्यात याच गृहस्थांनी असल्या हॉटेलात पाणीसुद्धा प्यायलं नसतं, पण ते जाऊ दे.

वाटेत इतिहास होतो. 1975 च्या एप्रिलमध्ये सायगॉन पडलं, निर्वासितांचे लोंढे अमेरिकेत आले, त्यातले बरेच इकडे व्हर्जिनियात उतरले. आर्लिंग्टनच्या क्लॅरेंडन भागात तेव्हा मेट्रोसाठी खणाखणी चालली होती. धंदे बसले होते, भाडी उतरली होती. तिथं या लोकांनी दुकानं थाटली, इतकी की त्या भागाला लिटल सायगॉन म्हणू लागले. 1979 मध्ये मेट्रो सुरू झाली, भाडी चढली आणि ज्यांनी गल्ली जागती ठेवली त्यांनाच गाशा गुंडाळावा लागला. मग पुढे फॉल्स चर्चला ईडन सेंटर हा व्हिएतनामी बाजार उभा राहिला. तिथं आजही दक्षिण व्हिएतनामचा पिवळा झेंडा, तीन तांबड्या पट्ट्यांचा, फडकत असतो. ज्या देशाचा तो झेंडा, तो देश नकाशावर उरलेला नाही. हे सगळं खरं आहे, आणि कोलंबस ते सांगतातही छान. सांगताना एक्झिट चुकतात, एवढंच.

"मग ईडन सेंटरलाच जाऊ या की! जवळ पडेल," मी म्हटलं.

"तिथं आता सगळे जातात," ते दुखावल्या सुरात म्हणाले.

त्या दिवशी माझी आई बरोबर होती. सहा महिन्यांसाठी आली होती आणि त्यातले बरेचसे आमच्या सोफ्यावर काढून कंटाळली होती. हॉटेलात शिरल्या शिरल्या ती थबकली. दाराशी जमिनीवरच एक लाल देव्हारा होता. आत दोन मूर्ती, त्यातली एक चांगली ढेरपोटी आणि हसरी. पुढं संत्री, उदबत्ती आणि दुधाळ कॉफीचा एक कप.

"अगंबाई, देव असा जमिनीवर?"

कोलंबस सरसावले. एक धनाचा देव, दुसरा जागेचा राखणदार. यांना खालीच, दाराकडे तोंड करून बसवतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर राहते. राखणदाराला कॉफी चालते, कुणीकुणी सिगारेटही ठेवतं. आई कोकणातली. राखणदाराला विडी-काडी लागते, हे तिला समजावून सांगायची गरजच नव्हती. तिनं चप्पल काढली, वाकून नमस्कार केला आणि येऊन बसली. गल्ल्यावरच्या मालकीणबाई फोनवर बोलत होत्या, त्या बोलायच्या थांबल्या.

आता मागणी. कोलंबस मेन्यू उघडत नाहीत, तो त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. ते नुसते "एटीन" म्हणतात. मालकीणबाई त्यांना ओळखतात याचा त्यांना फार अभिमान आहे, आणि त्या ओळखतातही, पण 'नंबर अठरा' म्हणून. नाव त्यांनी अजून विचारलेलं नाही. नंबर अठरा म्हणजे कोंबडीचा फो. कारण गंमत अशी, की जगाला अस्सल फो शिकवणारा हा माणूस गोमांस खात नाही. फोचा मूळ जीव म्हणजे गाईची हाडं, रात्रभर मंद आचेवर. हे तेच आपल्याला आठ-दहा मिनिटं समजावून सांगतात आणि मग कोंबडीचा वाडगा पुढं ओढतात. हा रस्सा नक्की कोणत्या पातेल्यातला, हे त्यांनी कधी विचारलेलं नाही. "काही गोष्टी श्रद्धेवर सोडाव्यात," म्हणतात.

वाडगे आले. सोबत ताटलीत तुळशीच्या वंशातली जांभळ्या दांड्याची पानं, मोड आलेले मूग, लिंबाच्या फोडी, मिरचीच्या चकत्या. आईनं वाफ हुंगली. "चक्रीफूल. दालचिनी. लवंग. मसाला वेलदोडा." मग जरा थांबून, "आलं आणि कांदा भाजून घेतलाय." फो कसा करतात, हे सांगायचा कोलंबसांचा कार्यक्रम तिनं तिथल्या तिथं उरकून टाकला. पुन्हा हुंगून ती म्हणाली, "आणि सुक्या मासळीचं काहीतरी." ते माशाचं आंबवलेलं पाणी. कोलंबसांचा चेहरा पडला. त्यांना ते शोधायला एक पुस्तक लागलं होतं.

पण माणूस खचला नाही. मी लाल सॉसच्या बाटलीला हात घातला, तर त्यांनी तो धरला. "आधी नुसता रस्सा! ही कोंबड्याच्या चित्राची बाटली व्हिएतनामची नव्हेच. डेव्हिड ट्रान म्हणून एक निर्वासित, 1980 साली लॉस एंजेलिसला त्यानं हा धंदा काढला. ज्या जहाजातून देश सोडला त्याचंच नाव कंपनीला दिलं. हनोईत कुणी असं रश्श्यात पिळेल? छे!" नेमक्या त्याच वेळी शेजारच्या टेबलावरचे एक व्हिएतनामी आजोबा तीच बाटली उलटी करून वाडग्यावर हिसडत होते. नंतर त्यांनी काळा गोड सॉसही ओतला. कोलंबसांनी तिकडं पाहायचं टाळलं. "दक्षिणेकडचे दिसतात," ते पुटपुटले.

एवढ्यात मालकीणबाई आल्या. त्यांनी आईपुढं एक ताटली ठेवली, तांदळाच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेल्या कोळंबीच्या वळकट्या. आम्ही मागवल्या नव्हत्या. देव्हाऱ्याकडे आणि मग आईकडे बोट दाखवून त्या हसल्या. आईनं मराठीत विचारलं, "मुलं किती?" आणि त्यांनी इंग्रजीत सांगितलं, मुलगी फार्मासिस्ट आहे. संभाषण असं बराच वेळ बिनबोभाट चाललं. हॉटेल विकायचंय, गुडघे दुखतात, गिऱ्हाईक कमी, मुलगी यात पडणार नाही. कोलंबस वळकट्यांकडे बघत होते. इतक्या वर्षांच्या निष्ठेनं त्यांना एक जादा मिरचीसुद्धा फुकट मिळाली नव्हती.

गिऱ्हाईक कमी हे ऐकून मात्र ते कावरेबावरे झाले. कारण कोलंबसांचं खरं दुखणं तिथंच आहे. त्यांना हॉटेल चालायला हवं, पण भरायला नको. मालकीणबाईंनी मध्यंतरी खुर्च्या बदलल्या तेव्हा ते सुतकात गेले होते. "आता बिघडणार," म्हणाले. पाटीचा दिवा दुरुस्त झाला त्या दिवशी तर त्यांनी मला फोन करून बातमी दिली, आवाज असा की मला वाटलं घरी कुणीतरी गेलं. सगळ्यांना हाताला धरून इथं आणायचं आणि "कुणाला सांगू नका" म्हणून शपथ घालायची, हा त्यांचा खाक्या.

पैसे द्यायला आम्ही गल्ल्यापाशी गेलो. मालकीणबाईंनी आपला फोन पुढं केला. मुलीनं हॉटेल गूगलवर टाकलं होतं, लोक चांगलं लिहीत होते. एकच माणूस निराळा निघाला होता. त्यांनी वाचून दाखवलं: "रस्सा ठीक. फार लांब पडतं. मुद्दाम जाण्यासारखं नाही." तीन तारे. खाली फोटो होता, नंबर अठराचा, आणि वाडग्याच्या कडेला सोनेरी पट्ट्याच्या घड्याळाचं मनगट.

"तुम्ही नेहमी येता," त्या म्हणाल्या. "कोण असेल हा माणूस?"

कोलंबसांनी चष्मा वर करून फोटो नीट पाहिला. डावा हात खिशात घातला.

"असतात हो असे लोक," ते म्हणाले, आणि उजव्या हातानं बक्षिशीच्या बरणीत वीसची नोट टाकली.