मागं कोण लागलंय?

अकरावीच्या वेळापत्रकात शनिवारचा शेवटचा तास शारीरिक शिक्षणाचा होता. होता म्हणजे, कागदावर होता. त्या तासाला ‘पोर्शन राहिलाय’ म्हणत गणिताचे सर यायचे, नाहीतर कुणीच यायचं नाही. मग आम्ही सायकली काढून गेवराईच्या बसस्टँडकडे. विषय सक्तीचा, पण गुणांचा नाही, श्रेणीचा. त्या श्रेणीसाठी आम्ही घेतलेली मेहनत सगळी उजव्या हाताच्या तीन बोटांची. खो-खोचं मैदान मी पहिल्यांदा आखलं ते पट्टी-पेन्सिलीनं, नोंदवहीत. खांबाची उंची 120 सेंटिमीटर, मध्ये आठ चौकोन, त्यात बसलेले आठ गडी, एकाचं तोंड इकडं तर दुसऱ्याचं तिकडं. अक्षर बरं होतं. ‘अ’ श्रेणी मिळाली.

खरं मैदानही होतं. त्यावर फक्की पडायची ती पुढारी हेलिकॉप्टरनं येणार असले की. मोठं गोल वर्तुळ, मध्ये इंग्रजी ‘एच’. सभा झाल्यावर चार दिवस शेळ्या त्या ‘एच’वर चरायच्या. तेवढाच मैदानाचा वापर.

वर्गाबाहेरचं शिक्षण म्हणाल तर सहल, आणि सहल म्हणजे वेरूळ. आमच्याच तालुक्यातलं राक्षसभुवन मात्र शनीच्या दर्शनापुरतं. तिथं गोदाकाठी 10 ऑगस्ट 1763 रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा धुव्वा उडवला, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे, म्हणजे बारावीतल्या पोराच्या वयाचे. त्यांना नोंदवही पुरी करायची नव्हती, हा फरक धरावाच लागेल.

आता तास बदललाय. हल्ली तो पहाटे पाचला भरतो, महामार्गाच्या कडेनं, आणि कॉलेजचा त्याच्याशी संबंध नाही. पोलीस भरतीची पोरं पळतात. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800. पोरांचे पुरे वीस गुण हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत. शिवाय 7.26 किलोचा गोळा. तो घरात दाराला टेकू म्हणूनही चालतो. ‘पळून काय पोट भरतंय का?’ असं आमच्या वडिलांची पिढी विचारायची. तीच माणसं आता मोबाइलात वेळ लावून रस्त्याच्या कडेला उभी असतात. पळूनच भरतंय, हे त्यांना कळलंय.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचा यात हात आहे. लहानपणी शाळा सहा किलोमीटरवर, तर हा पळत जायचा. शाळा लांब असणं हाच त्याचा पीटीचा तास. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळवलं, केनियाच्या पठ्ठ्यांना घाम फोडून. त्या शर्यतीत सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारावी लागते. याचा सराव आमच्या जिल्ह्यातल्या पावसाळी रस्त्यांवर आपोआप होत असावा, हा माझा घरगुती तर्क.

आमच्या आजीला मात्र यातलं काही पटत नाही. ओट्यावर बसून ती रोज पहाटे विचारते, “आरं, लेकरं अशी काहून पळायलीत? मागं कोण लागलंय?” महागाई म्हणावं, वय म्हणावं, की पुढची जाहिरात कधी निघेल याचा घोर? मी चहा पुढं करतो.

परवा पुतण्या घामानं निथळत आला आणि आडवाच झाला. तो यंदा बारावीला. पायाला तेल चोळत म्हणाला, “काका, एक काम होतं. सोमवारी पीटीची नोंदवही द्यायचीय. माझ्यात बसायचं त्राण नाही. तुमचं अक्षर बरंय.”

चष्मा लावला, पट्टी शोधली. खांब 120 सेंटिमीटर, मध्ये आठ चौकोन.