रवानगी खाते

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या प्रजेला घोड आणि भीमा या नद्यांनी पाणी, त्या पाण्यावर पोसलेल्या उसाने फडातील सर्प आणि अलीकडे बिबटेही, रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींनी नोकरी आणि तिच्याबरोबर येणारा खोकला, तसेच पुणे-नगर व पुणे-सोलापूर या दोन हमरस्त्यांनी अस्थिभंग मुक्तहस्ताने पुरविले असता, या सर्व देणग्यांचा परिहार करण्याची जोखीम ज्यावर सोपविली आहे त्याला सरकारी दफ्तरात सार्वजनिक आरोग्य विभाग म्हणतात, हे खरे. परंतु त्याच्या नित्याच्या कारभाराचे जो कोणी निर्विकार चित्ताने अवलोकन करील, त्याला त्याचे नाव बदलून रवानगी खाते असे ठेवल्यावाचून राहवणार नाही.

कोणत्याही एका इमारतीचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही, कारण शिरस्ता सर्वत्र एकच आहे. रुग्ण येतो, खिडकीवर केसपेपर निघतो, रक्तदाब मोजला जातो, एक सलाईन लागते (सलाईन लागल्याखेरीज उपचार झाला असे या मुलखात रुग्ण तर मानीत नाहीच, पण त्याची चुलतसासूही मानीत नाही) आणि मग वैद्यकीय अधिकारी गंभीर मुद्रेने उच्चारतात, "पुढं घेऊन जा." उपकेंद्राच्या पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याच्या पुढे ग्रामीण रुग्णालय, त्याच्या पुढे उपजिल्हा रुग्णालय, त्याच्या पुढे औंधचे जिल्हा रुग्णालय, आणि औंधच्याही पुढे ससून. ससूनच्या पुढे मात्र महाराष्ट्र शासनाची हद्द संपते आणि चित्रगुप्ताचे दफ्तर सुरू होते. डेव्हिड ससून नामक बगदादच्या ज्या व्यापाऱ्याच्या देणगीतून १८६७ साली ते इस्पितळ उभे राहिले, त्याने पुणे शहरातील गोरगरिबांची सोय व्हावी एवढाच हेतू धरला असेल. आपण जिल्ह्यातील समस्त तालुक्यांना आपापले रुग्ण पोहोचते करण्याचा कायमचा पत्ता देऊन ठेवीत आहोत, ही कल्पना त्या उदार पुरुषाला कोठून असणार? शिवाय तेथून बरा होऊन सुटणाऱ्याच्या कागदावर 'टाके जवळच्या सरकारी रुग्णालयात काढावेत' असा शेरा असतो, आणि जवळच्या रुग्णालयात तो कागद दाखविला असता, ज्यांनी घातले त्यांनीच काढावेत हा न्याय त्याला समजावून सांगितला जातो.

वस्तुतः या राज्यात कागदावरील योजनांना कधीच तोटा नव्हता. नाशकात जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली असे सुचविले होते की, कालांतराने दर दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय असावे. आमच्या दोन्ही तालुक्यांत प्रत्येकी साडेतीन लाखांहून अधिक माणसे आहेत. तेव्हा भोरसाहेबांचा हिशेब अगदी हात आखडून धरला, तरी एकेका तालुक्याच्या वाट्याला तेराशेच्या घरात खाटा यावयास हव्या होत्या. पुढच्या राज्यकर्त्यांनी या आकड्याकडे साकल्याने पाहिले, आणि एवढ्या खाटांवर माणसे निजली तर मतदानाला कोण येईल या चिंतेने की काय, दर एक लक्ष वीस हजारांमागे तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय हा निकष मुक्रर केला. खाटा बेताच्या असल्या की रवानगी ओघानेच येते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावू लागल्यावर तर तिला वेगही आला. पूर्वी जीपगाडीवाल्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत, आता एका दूरध्वनीवर रवानगी होते.

शिरूरकरांना यात इतिहासाचा थोडा विपर्यासही दिसेल. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावास भीमेकाठी जी लढाई झाली, तिला कंपनीची तुकडी आदल्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघाली होती, आणि लढाई संपल्यावर कॅप्टन स्टाँटनने आपले जखमी शिपाई माघारी शिरूरलाच आणले. म्हणजे शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याची विद्या डॉक्टरांच्या हाती यावयाची होती त्या काळी जखमी मनुष्य कोरेगावाहून शिरूरकडे येई. आणि आज, भुलीचे औषध कपाटात सुखरूप असूनही भूलतज्ज्ञाची जागा रिक्त असल्याकारणाने, तो शिरूरहून निघून त्याच कोरेगावच्या वाहनकोंडीत निपचित पडून असतो.

दौंडकरांना मात्र या प्रकाराचे फारसे नवल वाटत नाही. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीने दौंडास थांबावे, तिचे इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावावे, आणि तोवर उतारूंनी चहा प्यावा, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. रुग्णालयही एक जंक्शनच, तेथे मुक्काम कोणी करावयाचा नसतो, एवढे त्यांना उपजत कळते. रेल्वेने अलीकडे कॉर्ड लाईन टाकल्यापासून अनेक गाड्या जंक्शनला वळसा घालून परस्पर जातात. ज्यांच्या गाठीला चार पैसे आहेत अशा रुग्णांनी ही युक्ती रेल्वेच्या कितीतरी आधी शोधून काढली होती.

डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, आणि म्हणूनच तो सर्व जण देतात. शवविच्छेदन, न्यायालयाचे समन्स, पोलीस केसचे जबाब, शिबिरे, आढावा बैठका आणि वरिष्ठांचे दौरे यांतून सवड काढून जो एकटा इसम शंभरएक माणसे तपासतो, त्याच्यासमोर दोन मार्ग असतात: अत्यवस्थ रुग्णाला ठेवून घ्यावे आणि दुर्दैवाने काही झाल्यास खिडक्यांच्या काचा मोजाव्यात, अथवा चिठ्ठी लिहून निर्वेध व्हावे. रुग्णालयावर हल्ला करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपर्यंत दंड अशी तरतूद २०१० च्या कायद्याने केली आहे आणि तसा फलकही दर्शनी लावलेला असतो. पण दगड हाती घेतलेला मनुष्य फलक वाचावयास थांबत नाही. चिठ्ठीवर आजवर कोणी दगड मारल्याचे ऐकिवात नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून या विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले, ही गोष्ट स्तुत्यच होय. केसपेपरला पैसे पडत नाहीत. 'बाहेरून आणा' असे सांगून जे औषध लिहून दिले जाते, त्याला पडतात. पण ते बाहेर पडतात, आत नाहीत, हा भेद सुज्ञांनी ध्यानात घ्यावा.

आता राहिले समाचाराला येणारे. भेटीची वेळ फलकावर ठळक अक्षरांत रंगविलेली असल्यामुळे ती सोडून इतर सर्व वेळी हे लोक येतात. शहाळे आणतात, बिस्किटांचा पुडा आणतात, याच दुखण्याने आपल्या भावकीतील कोण कसा दगावला त्याचा तपशील आणतात, आणि खाटेच्या पायगती बसून बांधाच्या दाव्याची पुढली तारीख विचारतात. पण यांची प्रतिष्ठा ती किती! खरे समाचारवाले ते, जे वाढदिवसाला येतात. तालुक्यात पुढारी विपुल असून प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी जन्मणे भाग असल्यामुळे, 'रुग्णांना फळेवाटप' हा समारंभ येथे सणवारांइतकाच नियमित झाला आहे. मधुमेह्याला केळी मिळतात, जबड्याला तार बांधलेल्याला सफरचंद मिळते, एका फळाला आठ हात लागतात, आणि छायाचित्र मनासारखे येईपर्यंत ते फळ रुग्णाच्या स्वाधीन होत नाही.

अशाच एका वाढदिवशी म्हणे साहेब येण्यापूर्वीच वॉर्डातील बहुतेकांची पहाटे पुढे रवानगी होऊन चुकली होती. करंड्या आल्या, छायाचित्रकार आला, आणि खाटा रिकाम्या! वॉर्डातील मामांनी प्रसंगावधान राखून, मेहुण्याच्या समाचाराला आलेल्या आणि तो गेल्याचे नुकतेच कळलेल्या एका धडधाकट पाहुण्याला घोंगडी पांघरून आडवे केले. दुसऱ्या दिवशी त्याचे छायाचित्र छापून आले, आणि दुपारपर्यंत त्याच्या घरी शहाळी घेऊन समाचाराला लोक येऊ लागले.