भट्टीची धास्ती घेतलेल्या सेक्रेटरीसाहेबांस



आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागलेली सूचना वाचली. घरी मातीची भांडी भाजण्यासाठी विजेवर चालणारी लहान भट्टी बसवू द्यावी, असा अर्ज एका सभासद बाईंनी केला आणि ‘रहिवाशांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने’ आपण तो फेटाळला. शिवाय, इमारतीत कोणत्याही स्वरूपाची भट्टी आढळल्यास कारवाई होईल, अशी ताकीदही समस्त सभासदांना दिली. गच्चीवरच्या गळक्या टाकीचा विषय सभेमागून सभा पुढे ढकलणारी समिती इतकी तडफ दाखवू शकते, हे पाहून ऊर भरून आला. भट्टी किती किलोवॅटची, केवढी, कोणत्या खोलीत बसणार, तिला वायर कोणती, हवा जायला वाट कोणती, यांतला एकही प्रश्न बाईंना विचारल्याचे दिसत नाही. विचारण्याची गरजही नसावी. भट्टी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे विटांचे धुराडे आले असणार, आणि धुराड्याला कोण परवानगी देईल?

आपल्या समितीचा सर्वांत आवडता मुद्दा म्हणजे तापमान. ‘हजार डिग्री! आपल्या बिल्डिंगमध्ये!’ आकडा खरा आहे. मातीच्या भांड्याची पहिली भाजणी साधारण ९५० ते १००० अंश सेल्सिअसला होते आणि स्टोनवेअरवरचे ग्लेझ पिकायला १२०० च्याही पुढे जावे लागते. पण मग आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसच्या ज्योतीचे काय करायचे? तिचे तापमान १९०० अंशांच्या आसपास जाते, ती उघड्यावर जळते, तिच्या हातभर अंतरावर कॅलेंडर लटकत असते आणि ओट्याखाली १४.२ किलो ज्वलनशील वायू भरलेले सिलिंडर असते. दिवाळीत पाच वर्षांच्या मुलाच्या हाती आपण जी फुलबाजी देतो, तिचे जळते टोकही हजार अंशांच्या वरच असते. नुसत्या तापमानावरून धोका ठरत नाही. उष्णता किती आहे, कशात कोंडलेली आहे आणि बाहेर पडली तर कुठे जाईल, हे पाहावे लागते. विजेच्या भट्टीची सारी रचनाच उष्णता आत राखण्यासाठी असते, कारण बाहेर गेलेली उष्णता म्हणजे फुकट गेलेली वीज. म्हणून तिच्या भिंती उष्णतारोधक हलक्या विटांच्या किंवा सिरॅमिक फायबरच्या असतात. बाहेरचा पत्रा तरीही हात भाजण्याइतका तापतो, हे कबूल. त्यासाठी भिंतीपासून दीडेक फूट मोकळे ठेवायचे, जवळ पडदा, कागद, लाकडाचे सामान ठेवायचे नाही आणि खालची जमीन न जळणारी हवी, एवढी साधी पथ्ये आहेत. परवानगीच्या पत्रात ती चार ओळींत मावली असती.

‘भट्टी फुटते’ हेही समितीत कोणीतरी छातीठोकपणे सांगितले म्हणतात. फुटते ते भांडे. माती पुरती वाळलेली नसली तर शंभर अंशांच्या आसपास आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि भांड्याचे तुकडे होतात. तेही बंद पेटीच्या आत, आणि नुकसान एकट्या कुंभाराचे. पुढे ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झची स्फटिकरचना बदलते, तेव्हा आणि निवताना पुन्हा त्याच टप्प्यावर घाई केली की भांडे तडकते. म्हणून आठ-दहा तास सावकाश तापवायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. इमारतीत इतक्या संयमाने चालणारे दुसरे यंत्र दाखवा. आवाज म्हणाल तर रिलेची अधूनमधून टकटक, एवढाच.

विजेचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तोच आपल्या सूचनेत नाही. एक घनफुटाची भट्टी तीनेक किलोवॅट वीज घेते, म्हणजे १३ अँपिअरच्या आसपास. गीझरही तेवढीच घेतो, पण पंधरा-वीस मिनिटांत त्याचे काम होते. भट्टी तासन्‌तास ओढत राहते. भिंतीतल्या जुन्या वायरीवर आणि सैल पडलेल्या सॉकेटवर एवढा वेळ असा भार टाकला तर वायर तापणार, प्लग वितळणार. तेव्हा स्वतंत्र एमसीबी, मीटरपासून वेगळी जाड वायर, नीट अर्थिंग, गळतीला वीज तोडणारे आरसीसीबी, भार वाढत असेल तर वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घेणे आणि हे सगळे परवानाधारक वायरमनने केल्याचा दाखला, इतके मागण्याचा आपल्याला पुरता हक्क आहे. तो आपण बजावलाच नाही. दरम्यान खाली पार्किंगमध्ये सोसायटीच्या आशीर्वादाने ७.२ किलोवॅटचे गाडीचे चार्जर बसले आहेत. छोट्या विजेच्या गाडीची तीस युनिटांची बॅटरी शून्यापासून भरायला जेवढी वीज लागते, तेवढीही अशा भट्टीला एका भाजणीत लागणार नाही. तीन किलोवॅटने सलग नऊ तास ओढली तरी २७ युनिटे होतात, आणि सुरुवातीचे कितीतरी तास ती बंद-चालू होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. गाडीला शुभेच्छांचा पेढा आणि भट्टीला कारवाईची ताकीद, यामागचे विद्युतशास्त्र आपण एखाद्या सभेत समजावून सांगावे.

आता धूर. विजेच्या भट्टीत काही जळतच नाही, असा दावा मी करणार नाही. मातीत थोडे सेंद्रिय द्रव्य असते, काही मातींत गंधकाची संयुगे असतात. पहिल्या भाजणीत ती जळताना वास येतो आणि थोडा कार्बन मोनॉक्साइडही निघतो. खिडकी नसलेल्या खोलीत भट्टी लावून तिथेच झोपणे हा मूर्खपणा आहे. पण त्याचा पहिला धोका भाजणाऱ्यालाच, वरच्या मजल्याला नव्हे, आणि त्यावर उपाय म्हणजे हवा बाहेर नेणारा पंखा आणि नळी. कोरड्या मातीच्या धुळीतला सिलिका फुप्फुसांना वाईट, तोही धोका कुंभाराच्याच वाट्याचा. सोसायटीला खरोखर छळू शकणारी एकच गोष्ट या छंदात आहे आणि ती आपल्या नजरेतून सुटली याचे वाईट वाटते: मोरी. मातीचे हात आणि भांडी थेट बेसिनमध्ये धुतली की गाळ पाइपात बसतो आणि सामाईक ड्रेनेज तुंबते. ‘गाळ बादलीत निवळू द्यावा, बेसिनमध्ये ओतू नये’ अशी नोटीस आपण लावली असती, तर हे पत्र लिहावेच लागले नसते. उलट आपल्या जाणकारीला दाद दिली असती.

‘भट्टी घरात कशाला, कुंभारवाड्यात न्या’ हेही आपले म्हणणे कानावर आले. न्यायचे कोणत्या कुंभारवाड्यात? दक्षिण मुंबईत कुंभारवाडा नावाचा भाग आजही आहे. मडकी भाजणारे तिथून कधीच हलले. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांना १९३० च्या दशकात धारावीत जागा मिळाली. तेव्हा धारावी म्हणजे शहराचे टोक, खाडीकाठची दलदल. नको ते सगळे ढकलायची जागा. मग शहर तिच्याही पुढे गेले, मिठी नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचा उभ्या राहिल्या आणि तीच दलदल सोन्याच्या भावाची झाली. पुण्यात कसबा पेठेजवळ कुंभारवेस हे नाव उरले. कुंभारांची वस्ती मुंढव्याच्या केशवनगरात, आणि तिच्याभोवती आता टॉवर. प्रत्येक वेळी कुंभाराला बाहेर काढायचे, तो गेला त्या बाहेरच्या जागी पुन्हा आपणच राहायला जायचे, आणि राहायला गेल्यावर नाकाला रुमाल लावून विचारायचे की ही भट्टी वस्तीत कशी? धारावीत चिंध्या, कापसाचा कचरा, भुसा जाळून मडकी भाजतात आणि तो धूर वाईट आहे, यात वाद नाही. तो सगळ्यांत आधी त्याच अंगणात राहणाऱ्या बायकांच्या आणि पोरांच्या छातीत जातो, वीस मजले वर राहणाऱ्यांच्या नंतर. त्यांना चिंध्यांऐवजी गॅस आणि वीज परवडेल अशी सोय करून द्या, असे कोणत्या सोसायटीने लिहून दिले? पणत्या मात्र मातीच्याच हव्यात. माठ मातीचाच हवा, त्याला फ्रीजची सर येत नाही. आषाढीला सोसायटीच्या हॉलमध्ये गोरोबाकाकांचे अभंग टाळ्यांच्या गजरात व्हायला हवेत. गोरोबाकाका स्वतः भाड्याने राहायला आले, तर त्यांच्याकडून आधी हमीपत्र घेणारे आपणच! संताप येतो तो याचा. वस्तू हवी, तिची भट्टी लावणारा माणूस नजरेआड हवा.

कायदेपंडित सभासद म्हणतील की आधी कोण आले याला कायद्यात किंमत नाही. बरोबर आहे. १८७९ साली लंडनमध्ये एका मिठाईवाल्याचे खलबत्ते वीस वर्षांहून अधिक काळ चालू होते. शेजारच्या डॉक्टरांनी मागाहून आपल्या बागेच्या टोकाला त्याच्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली, आणि आवाजाचा त्रास होतो म्हणून दावा लावून जिंकला. उपद्रवाच्या कायद्यात हा निकाल अजूनही शिकवला जातो. पण डॉक्टरांना त्रास दाखवून द्यावा लागला. उद्या कदाचित आवाज होईल, अशा धास्तीवर कोणी खलबत्ता बंद केला नाही. आपल्याकडे भट्टी आलीसुद्धा नाही आणि उपद्रव सिद्ध होऊन शिक्षा जाहीरही झाली.

‘आज यांना दिली तर उद्या सगळेच मागतील’ या मुद्द्याला उत्तर देणे जिवावर येते. सगळे मागणार नाहीत. चाकावर माती मध्यावर आणायलाच महिने जातात, आणि बहुतेकांचा उत्साह तिथेच संपतो. व्यवसायाची भीती असेल तर महिन्यातल्या भाजण्यांची मर्यादा घाला. तसे पाहिले तर शिकवण्या, पार्लर आणि पोळीभाजीचे डबे याच इमारतीतून चालतात आणि त्यांचे ग्राहक समितीतही आहेत.

हे सगळे लिहिताना आपल्याबद्दल थोडा कळवळाही वाटतो, सेक्रेटरीसाहेब. आपण मानद. पगार नाही, आभार नाहीत. लिफ्ट अडकली की मध्यरात्री फोन आपल्याला, टँकर आला नाही की शिव्या आपल्याला. वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही, सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग उरलेल्या सात-आठ जणांत शेकडो माणसांचे निर्णय होतात. उद्या कुठे ठिणगी पडली तर पोलीस पहिला प्रश्न विचारणार, परवानगी कोणी दिली? परवानगी का नाकारली, म्हणून कोणत्याही सेक्रेटरीला आजवर चौकीवर बसावे लागलेले नाही. ‘हो’ म्हणायला आपल्याला वायरमनचा दाखला वाचावा लागेल, समितीला पटवावे लागेल, सही करावी लागेल आणि ती सही पुढे कायम आपल्या नावावर राहील; ‘नाही’ला नुसती शाई पुरते. अशा व्यवस्थेत बिनपगारी माणसाने धाडस करावे, ही अपेक्षा मीही ठेवणार नाही. तुमच्या जागी बसलेला बहुतेक कोणीही हीच नोटीस काढता.

पण सुरक्षितता हा शब्द एकदा आपण लेखी वापरला आहे, तेव्हा तो पुरता वापरा. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा ‘ब’ नमुन्यातला दाखला दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावा लागतो. आपला शेवटचा कोणत्या सालचा? जिन्यातल्या लाल सिलिंडरांवरची तारीख कोणती? विजेच्या डक्टमध्ये रद्दी, जुना पंखा आणि दिवाळीच्या माळा कोणाच्या? निवासी इमारतींतल्या आगींमागे सदोष वायरिंग हे नेहमीचे कारण, आणि त्यातून माणसे गुदमरतात ती पुष्कळदा जिना अडलेला असतो म्हणून. बाईंच्या अर्जावर आपण फेरविचार करालच. अटी वर दिल्या आहेत, त्यांत मोरीची अट विसरू नका. वायरमन बाईंच्या घरी येईल त्याच दिवशी त्याला सामाईक मीटर रूमही दाखवा, पैसे सिंकिंग फंडातून नव्हे, मेंटेनन्समधून द्या. आणि त्याला वर चढता यावे म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातली चपलांची दोन्ही कपाटे आधी हलवून घ्या. त्यांतले एक आपले आहे.

कळावे,
आपला,
एक भाजलेल्या मातीचा चाहता