मिशी गेली, घोरणं गेलं

आमच्या ह्यांनी मिशी काढली आणि गल्लीत कुणीतरी गेल्याची बातमी पसरली. कोण गेलं, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. जन्मभर राखलेली मिशी माणूस उगाच उतरवत नाही, आई-बाप गेल्यावरच उतरवतो, एवढं सरळ गणित. सासूबाई घरात बसून लसूण सोलत होत्या, तरी लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. शेजारच्या काकू लेकीकडं सेलूला गेल्या होत्या. परत आल्या त्याच संध्याकाळी त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकलं.

"बाई, गावाकडं सगळं बरं हाय ना?"

"बरंय की. का हो काकू?"

"न्हाई, भाऊंची मिशी दिसंना गेली. आन् रात्रीला नाकात नळी असती म्हणं. ऑक्सिजनवर ठिवलंय म्हणायलेत सगळे."

सगळे म्हणजे कोण, हे परभणीत विचारायचं नसतं. करोनापासून मास्क आणि नळी एकत्र दिसली की लोक पुढचं सगळं स्वतःच ठरवून टाकतात. दोघं तर शहाळी घेऊन भेटायलाही येऊन गेले.

"ऑक्सिजन नाही हो. सीपॅप म्हणतात त्याला. खोलीतलीच हवा ओढतं आणि दाबानं नाकात सोडतं. सिलिंडर नाही, औषध नाही."

"मंग हवा तर फुकट हाय. त्याला मशीन कामून?"

प्रश्न रास्त होता. डॉक्टरांनी मला सांगितलं तसं मी सांगितलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं सरते, हवेची वाट बुजते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त श्वासच बंद. रक्तातला ऑक्सिजन उतरला की मेंदू दचकून जागा होतो, माणूस मोठ्यानं घोरून श्वास ओढतो आणि परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. मशीनच्या हवेचा दाब ती वाट बुजू देत नाही, एवढंच त्याचं काम.

"ह्यांचं तपासणीत तासाला तीसच्या वर निघालं, काकू. पाचाच्या आत असलं तर ठीक म्हणतात."

काकूंनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजी रातीतून दोनशेच्या वर येळा श्वास बंद? आन् आपण म्हणायलोत, भाऊंची झोप कशी गाढ हाय!"

गाढ कसली. दुपारी जेवल्यावर पेपर हातात घेतला की पेपर खाली आणि हे वर. बीपीच्या गोळ्या वाढवल्या तरी बीपी उतरेना. स्कूटरवर जिंतूर नाक्याच्या सिग्नलला डुलकी लागली, तेव्हा मी दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी ह्यांना फार विचारलंच नाही, मला विचारलं: घोरता घोरता मध्येच आवाज बंद होतो का? ह्या दुखण्याची साक्ष दुखणेकऱ्याला देताच येत नाही, शेजारी झोपणाऱ्यानं द्यायची असते. मग एका रात्रीसाठी बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा असं सगळं बांधून घरीच झोपवलं.

"ते सोन्याच्या साखळ्या घालणारे... गाणीवाले?" काकूंना आठवलं.

"बप्पी लाहिरी. व्हय, 2022 च्या फेब्रुवारीत मुंबईत वारले तेव्हा डॉक्टरांनी ह्याच दुखण्याचं नाव सांगितलं होतं. तेव्हा आपण बातमी पाहिली आणि चॅनेल बदललं."

काकू भिंतीला आणखी खेटल्या. मशीन कुणी काढलं, हेही त्यांना हवं होतं. ते मला भाच्यानं सांगितलंय. 1980 साली सिडनीत कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून हवा ओढायच्या ऐवजी सोडायला लावली. तोवर दुखणं जोरात असलं की गळ्याला भोक पाडून श्वासाची सोय करत. भोक नको असलेला एक रोगी तयार झाला आणि रात्रभर सलग झोपला. पुढच्या वर्षी ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

"बरं झालं बाई, भोकापरीस नळी बरी. पर मिशी?"

मिशीचं खरं दुःख इथंच आहे. पहिला मास्क नाक-तोंड दोन्ही झाकणारा होता. मिशीच्या केसांतून हवा सुटायची आणि सरळ डोळ्यांत जायची. पट्टे आवळले तर गालावर वळ, सैल सोडले तर रात्रभर फुस्स. सकाळी डोळे लाल, तोंड कोरडं, पोटात हवा गेल्यानं ढेकरा. मशीन विकणारा म्हणाला, मिशीचं बघा. हे दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी न्हाव्याकडं गेले. त्यानंतर तोच माणूस नाकपुड्यांशी बसणारा लहानसा मास्क घेऊन आला आणि म्हणाला, ह्याला मिशी चालते.

"मेला!" काकू मनापासून म्हणाल्या.

सवय लागली ती मात्र त्या लहान मास्कनंच, आणि दिवसा. रात्री एकदम लावला की जीव घाबरतो, म्हणून संध्याकाळी टीव्हीपुढं बसून नुसता घालायचा. नात म्हणाली, आजोबा गणपती झाले. हे हसले, आणि माझ्या मते मशीन त्या दिवशी घरात आलं. दाबही एकदम अंगावर येत नाही. आधी कमी असतो, मग हळूहळू चढतो, अशी सोय त्यातच असते. सुरुवातीच्या रात्री मात्र जागी राहिले ती मी. आवाज नाही म्हटल्यावर दर तासाला उठून छाती हलते का बघायची.

डिसेंबर लागला आणि नवीनच कटकट. कृषी विद्यापीठात पारा घसरल्याची बातमी आपण चवीनं वाचतो, पण मशीनच्या डबीतल्या पाण्यानं ओलसर केलेली कोमट हवा थंड नळीतून आली की नळीत पाणी धरतं. पहाटे गुडगुड आवाज आणि नाकावर थेंब! मी जुन्या स्वेटरच्या बाह्या उसवून नळीला गवसणी शिवली, मशीन उशीच्या खालच्या पातळीला स्टुलावर ठेवलं. डबीत बोअरचं पाणी घालत नाही, क्षार धरतात; मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणते. मास्क रोज साबणानं धुवायचा, फिल्टर झटकायचा. मानवतच्या जिनिंगवाल्या मेहुण्यांना हे मशीन लागलं तर फिल्टरचं काय होईल, देव जाणे.

"आन् लाइट गेली मंग?"

"इन्व्हर्टर आहे. फक्त पाणी गरम करायचं बंद ठेवायचं, वीज तेच खातं."

"उन्हाळ्यात गच्चीवर झोपणं बंद म्हणा की भाऊंचं."

"का? वायर ओढू वर. मशीन वीटभर आहे, लग्नाला गंगाखेडला नेलं होतं. वऱ्हाडाच्या खोलीत ह्यांनी आधी लाजून पिशवीतच ठेवलं. मग सगळं वऱ्हाड घोरायला लागल्यावर काढलं."

काकू हसल्या, पण उगाच. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "बाई, हे जाड माणसालाच होतं का?"

"वजन जास्त, मान जाड असली की जास्त होतं. पण बारीक माणसालाही होतं, जबडा मागं असला तर. बायकांना पाळी गेल्यावर वाढतं. त्या घोरतात हे कुणी सांगत नाही, एवढंच. का हो?"

"काय न्हाई. भजनात मला डुलकी लागायली. बाया समजायल्यात, तंद्री लागली. सकाळी उठलं की डोकं जड. साखर तपासली, थायरॉइड तपासलं, काई निघंना."

"रात्री घोरता का तुम्ही?"

"मला काय माहीत? मी झोपल्याली असती!"

"काकांना विचारा."

"त्यांना काय इचारू. ते ओसरीवर झोपायलेत."

"ह्या थंडीत?"

"मोकळी हवा बरी लागती म्हणायलेत. दिवाळीपासून."

मी काही बोलले नाही. काकूही काही बोलल्या नाहीत. ओसरीवर काकांची घडी केलेली वाकळ होती, तिच्यावर आणखी दोन ब्लँकेटं आणि कानटोपी.

"काकू," मी म्हटलं, "उद्या काकांना इकडं पाठवा. विचारायचंय ते मी त्यांनाच विचारते."